इलॅस्टिक

या मोसमात तिसऱ्यांदा मी ही पट्टी उसवतेय.
पिवळी, चार बोटं रुंद,
आतल्या बाजूने घामाने करडी पडलेली.
पेपरवाले याला खांदेपालट म्हणतात.
मी धुणंशिवण करणारी बाई, मला एवढंच दिसतं
की खांदे तेच आहेत, दंड बदलतात,
आणि प्रत्येक दंडाचा घेर वेगळा.

गाव्लिकचा छत्तीस सेंटिमीटर.
बाप खाणीत, आजा खाणीत,
हा गावातला पहिला, जो उजेडात कामाला गेला.
अकरा वर्षं पट्टी त्याच्याकडे होती,
अकरा वर्षांत मला टेप काढावी लागली नाही.
ऑगस्टात त्याने सगळ्यांच्या देखत विचारलं,
दोन महिन्यांचा पगार कुठे अडकलाय?
अध्यक्ष वॉर्सातून बोलत होते, फोन स्पीकरवर.
आधी नुसती खरखर आली.
मग दंड बसला, पाच हजार झ्लोटी,
आणि दुसऱ्या दिवशी पट्टी माझ्या टेबलावर,
कडेला कड लावून घडी घातलेली.
घडी त्यानेच घातली असणार.
इथे दुसरं कुणी घडी घालत नाही.

मग इद्रिसा. भला माणूस, गोलही करायचा,
पण त्याची पोलिश सगळी मिळून बारा शब्दांची,
त्यातले सात मी शिकवलेले, इथे, वाफेत:
गरम, ओलं, उद्या, साबण, पाठ, घर, माफ करा.
एवढ्यावर रेफरीशी भांडता येत नाही.

मग नवा कोच. यंदाचा तिसरा,
याच्या जाकिटावर अजून आधीच्याची आद्याक्षरं आहेत.
याने चिठ्ठ्या टाकायला लावल्या.
त्या मी केराच्या टोपलीतून वाचल्या, लाज कसली:
पाचांवर गाव्लिक, एकीवर घोड्याचं चित्र,
उरलेल्या कोऱ्या.
अळीमिळी गुपचिळी.
शेवटी गोलकीपरने बांधली. म्हणाला, कुणीतरी बांधायला हवी.
ओल्या दोरीवर चिमटा लावावा तशी बांधली.

सामना मला बघायला मिळत नाही.
मशीनच्या गोल काचेतून जेवढा कळतो तेवढा कळतो.
शून्य-चार झालं त्या रात्री
सहा जणांच्या चड्ड्या जशा गेल्या तशाच परत आल्या,
इस्त्रीची रेघसुद्धा शाबूत.
सकाळी पेपरात छापून आलं: नेतृत्वाची पोकळी.
पोकळी मला धुता येत नाही.
मी स्वच्छ चड्ड्या पुन्हा धुतल्या. रागाने.

आणि आज हा कायेतान.
एकोणीस वर्षांचा, दंड सव्वीस.
दारात उभा, बूट हातात, मोजे ओले.
आत घ्या बाई, म्हणाला, खाली घसरते.
मग जरा थांबून:
टाके कच्चेच घाला. तुम्हालाच परत उसवावे लागतील.

त्याच्यामागे गाव्लिक आला, टॉवेल न्यायला.
हल्ली तो बाकावर बसतो, टॉवेल कोरडाच असतो त्याचा.
पोराकडे बघितलं नाही त्याने.
मला म्हणाला, शिवण आतल्या अंगाला ठेव, बाहेर काचते.
आणि गेला.
पोरगा बराच वेळ त्या दाराकडे बघत होता.

मी दोरा दुहेरी ओवला.
पक्के घातले, गाठीवर गाठ.
कुणाला सांगितलं नाही.

एक-दोन. हरलोच.
खाण बंद होऊन नऊ वर्षं झाली,
क्लबच्या चिन्हावर हातोडे अजून आहेत,
त्या हातोड्यांवर परवा इतका चिखल होता
की ब्रश लावावा लागला. अकराच्या अकरा.
इद्रिसाच्या सदऱ्याची बाही फाटलेली,
गोलकीपरच्या कोपरावर रक्त,
कायेतानच्या पाठीवर कुणाच्या तरी पंजाचा ठसा,
पाच बोटं, ढकलल्याची नव्हेत.

पट्टी मात्र टोपलीत आली नाही.

सोमवारी कोच खाली उतरला.
वॉर्साहून फोन होता, म्हणाला, नवं नाव कळवलंय.
पट्टी कुठाय?

वाळतेय, म्हटलं.

नोव्हेंबर आहे.
इथे काहीच लवकर वाळत नाही.